पाणी चावणारा माणूस

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, वच्छलाबाई डुकरे आणि त्यांच्या आळीतल्या सगळ्या बायांना फसवण्यात आलं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण सुलतानपूरची काळीपिवळी जीप नुकतीच सुटली होती आणि मी तिच्यामागे धावत होते.

आमच्याकडे नव्या बोअरला पाणी लागलं की हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पंगत बसते. गॅस काढायला आलेल्या कंपनीनं गावाला हातपंप दिला, पंगतही दिली, आणि पुऱ्या तळून होईपर्यंत एक रजिस्टर फिरवलं. "जेवणाऱ्यांची नावं लिहून घेतो, कोणी सुटायला नको." बायांनी सह्या केल्या, अंगठे दिले. पानाच्या वर छापलेलं होतं की गायरानात गॅससाठी खोल बोअर मारायला आमची हरकत नाही. पुरी आणि बुंदीच्या बदल्यात गावाची संमती! याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

त्या गर्दीत एकाच माणसानं सही केली नाही. त्याला डाव कळला होता असं नाही. तो पाणी चावत होता.

दिगांबर अवसरमोल. पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करून निवृत्त झालेले. गाव त्यांना मामा म्हणतं. मामा पाणी पीत नाहीत, चावतात. घोट घेतात, डोळे मिटतात आणि रवंथ करणाऱ्या बैलासारखा जबडा फिरवत बसतात. मध्ये कोणी बोललं की बोट वर जातं. घोट उतरला की, "थांब बे, पाण्याले घाई चालत नाही." मग निकाल लागतो.

देऊळघाटच्या एका लग्नात नवरदेवाचा बाप पाहुण्यांना सांगत होता, सगळं पाणी आपल्या विहिरीचं आहे. मामांनी भर मांडवात चावलं आणि म्हणाले, "इहिरीचं कायचं? टँकरचं हाय. अन् टँकर बी धुतेल नाही." पुढची दोन वर्षं मामांना त्या भावकीतून पत्रिका आली नाही. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "बरं झालं. मले ते पाणी पुन्हा प्या लागलं असतं."

हातपंपांना त्यांनी नावं ठेवली आहेत. शाळेसमोरचा सारखा किंचाळतो म्हणून 'मास्तरीण'. स्टँडवरचा पावसाळ्यानंतर चार महिने येतो आणि जातो, ती 'पाहुणी'. आयुष्यभर पाइप वर काढून, पंपातले चामडी वायसर, म्हणजे वॉशर, बदलून त्यांच्या डोक्यात जमिनीखालचं एक गाव तयार झालं आहे. कोणत्या विहिरीची कोणत्या बोअरशी सोयरीक आहे ते त्यांना विचारावं. "डुकरेच्या इहिरीवर मोटर लावली का मास्तरीण दम खाते. चुलत बहिणी हायेत त्या."

मी या गॅसविरुद्ध पत्रकं लिहिते, वाटते. पहिलं पत्रक मोठ्या तोऱ्यात मामांना दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"पोरी, यात जल हाय, जंगल हाय, जमीन हाय. जंगल कुठी पाह्यलं तू इथी?"

"मामा, पत्रकात तसंच लिहितात."

"अन् आपल्या गावची एक बी इहीर नाही यात. लोकं कोणासाठी भांडतीन?"

मी रागावले. घरी जाऊन पत्रक पुन्हा लिहिलं, विहिरींची नावं घालून.

दरम्यान त्या सह्यांच्या जोरावर गायरानात चाचणीची बोअर सुरू झाली. सुरुंगाचे बार उडवले की घरातली भांडी वाजायची. महिन्याभरानं गावानं आरडाओरडा करून शाळेच्या ओसरीवर खास ग्रामसभा लावायला लावली. विषय एकच, ती ना-हरकत रद्द करायची की नाही.

कंपनीचे साहेब नकाशा घेऊन आले. खूप खोल भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि रसायनं दाबानं आत घालायची, दगडाला तडे पाडायचे आणि त्यातून गॅस वर ओढायचा, हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की लहान मुलाला झोप यावी.

"तुमचं पाणी वर आहे, गॅस फार खाली. मध्ये जाड दगड आहे. काळजीचं कारण नाही."

मामा उठले. "साहेब, तो दगडच तं फोडाले आले ना तुमी?"

ओसरी हसली. साहेबही हसले. "बाबा, आपण इंजिनिअर आहात का?"

"नाही जी. मी वायसर बदलतो."

इथे मला अक्कल सुचली. गावाचं ज्ञान काय असतं ते साहेबाला दाखवावं म्हणून मी पाच ठिकाणचं पाणी आणून पाच पेले मांडले. मामांनी चावायला सुरुवात केली. "मास्तरीण. पाहुणी. हे मारोतीच्या पाराजवळचं. हे कंपनीच्या नव्या पंपाचं, गंजेल पाइप टाकला चोरायनं." ओसरीत शिट्ट्या वाजल्या. पाचवा पेला घेतला. जबडा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. दुसरा घोट. तिसरा.

"हे मले नाही ओळखू येत," मामा म्हणाले.

तो वच्छलाबाईंच्या विहिरीचा पेला होता.

साहेब मोठ्यानं हसले. "बघा! यांच्या भरवशावर तुम्ही गावाचा विकास अडवता." मी मान खाली घातली. लढा मीच बुडवला होता. मामा खाली बसले, पेला दोन्ही हातांत धरून.

वच्छलाबाई पुढे आल्या, पेला घेतला, प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, "मामा चुकले नाहीत. रोज थोडं थोडं बदललं, म्हणून मलेच कळलं नाही. डाळ शिजत नव्हती तं मी डाळीलेच शिव्या देऊन राह्यली होती." मग साहेबाकडे वळल्या. "आन ते रजिस्टर. माहं नाव खोड. म्या पुरीसाठी अंगठा देला होता."

एकेक बाई उठली. हात वर झाले, ना-हरकत रद्द झाली.

परतताना मामा माझ्याबरोबर चालत होते. मी म्हटलं, जिंकलो की हो, तोंड काऊन पाडलं?

"लहानपणी आमाले डुकरेच्या इहिरीवर चढू देत नव्हते," ते म्हणाले. "आमी खाली वंजळ धरून बसो. कोणी वतलं तं पियाचं. बाकीच्या बाया अर्धी वंजळ वतून बादली फिरवत. वच्छलाची सासू मी मान हालवेपर्यंत वते. पायरीवर पाय तिनं बी ठिवू देला नाही, खोटं काऊन बोलू? पण वते. माय गेली माही, तिचा चेहरा बी आता नीट याद येत नाही. ते पाणी याद होतं."

 

विहिरीच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासणीला गेला आहे, अहवाल आलेला नाही. ठराव तालुक्याला पोचला आहे, उत्तर नाही. गायरानातलं यंत्र चालू आहे.

हे वाचून 'बिचारे मामा' म्हणणार असाल तर कृपा करून म्हणू नका. उद्या सकाळी तुमच्या ग्रामपंचायतीत जा. गावाच्या नावानं कोणाकोणाला ना-हरकत दिली आहे, ते कागद मागा. नाही म्हणाले तर अर्ज लिहा, पोच घ्या. त्यावर तुमच्या आईचा अंगठा सापडला तर तिला विचारा, वर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं होतं का. नसेल दाखवलं, तर पुढच्या ग्रामसभेला तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि ती उभी राहिली की तुम्हीही उभे राहा.