आईला पोहोचलेला कूलर

माणूस जिवंत असेपर्यंतच ग्राहक असतो, हा गैरसमज आहे. मेल्यावर तो आदर्श ग्राहक होतो. रंगाबद्दल कुरकुरत नाही, ऐनवेळी मागे फिरत नाही, वॉरंटीचा कागद हरवत नाही.

आमची आई तानाबाई हयातीत ग्राहक म्हणून अगदीच कच्ची होती. दिग्रसच्या मे महिन्यात ओला पदर अंगावर घेऊन ती खडखडणाऱ्या टेबलपंख्यासमोर झोपायची. कूलरचा विषय निघाला की म्हणायची, "मले कायले? तुमचं पाहा." आम्ही आज्ञाधारक मुलं. आम्ही आमचं पाहिलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी शय्यादानाची खरेदी निघाली. गादी, छत्री, चपला असं जे विधी करणाऱ्या महाराजांना द्यावं, ते मेलेल्या माणसाला पोहोचतं. (पोचपावती मिळत नाही, पण आजवर तक्रारही आलेली नाही.) प्रभावती आत्या म्हणाली, "उन्हायाची गेली माही वहिनी. कूलर पाह्यजेच." भाऊ नयन म्हणाला, मोठाच घेऊ. आईला कोणता रंग आवडला असता, यावर चर्चा झाली. तिची आवड कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे निर्णय लवकर झाला.

दुकानात एक्सचेंज ऑफर होती. आईचा पंखा त्यात गेला.

"तो मला हवा होता," मी म्हटलं.

"खडखड करते तो, ताई. तुह्या घरी एसी आहे ना," नयन म्हणाला. युक्तिवाद बिनतोड होता.

तेरवीला महाराजांनी कूलरच्या बंद खोक्याला गंधाचा टिळा लावला. खोक्यावर आधीचेच चार टिळे होते. नयनच्या मते ते कंपनीतूनच लागून येतात.

आठवड्याने मी पंखा परत मागायला दुकानात गेले. दाराशीच पाच टिळ्यांचं खोकं होतं. महाराजांच्या घरी जागा नसल्यामुळे दान दुकानातच परत येतं, असं दुकानदारांनी समजावलं. एका न उघडलेल्या कूलरने पाच आत्मे थंड केले. इतकी किफायतशीर यंत्रणा सरकारलाही जमलेली नाही. साऱ्या व्यवहारात घरातून खरोखर गेलेली वस्तू एकच.

ती गल्ल्यामागे खडखडत होती.

"जुना माल आहे, पण हवा पाहा कशी फेकते," दुकानदार म्हणाले. "हा नाही विकायचा. माह्यासाठी ठेवला."

मी समोरच्या खुर्चीत जरा वेळ बसले. हवा ओळखीची होती.

"कूलर दाखवू काय, ताई? कोणासाठी पाह्यजे?"

खोकं अजून तिथेच आहे. सहाव्या टिळ्याला जागा आहे. वाचकांनी आपला आवडता रंग घरी आजच सांगून ठेवावा. नाहीतर तुमच्याही बाबतीत निर्णय लवकर होईल.