चांगल्या बाजूचा तुकडा

नमुना हा सगळ्या मालाचा प्रतिनिधी असतो, आणि प्रतिनिधी चारचौघांत शोभेल असाच निवडावा, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचे मूलतत्त्व आहे. अन्नतपासणी खात्यातल्या साहेबांनी ते एकतीस वर्षे पाळले. दुकानदार जो डबा पुढे सरकवी, त्यातूनच साहेब नमुना घेत. (मागचे डबे उघडायला लावणे म्हणजे भल्या माणसावर संशय घेणे.) परिणामी त्यांच्या हद्दीत भेसळीचे प्रमाण शून्य पूर्णांक शून्य शून्य टक्के होते.

अशा माणसाच्या यकृतात लिंबाएवढा डाग निघावा, हा खात्याचाच अवमान होता.

"काका, सोनोग्राफीत बघत बघत सुई थेट डागापर्यंत न्यायची आणि दोऱ्याएवढा तुकडा काढायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा श्वास रोखून धरा. बस्स."

टेबलावर आडव्या पडलेल्या साहेबांनी मान वळवून पडदा पाहिला. डाग होता, नाही असे नाही. पण तो फार तर आठ टक्के. उरलेले ब्याण्णव टक्के यकृत कसे एकसारखे, नेमस्त, सरकारी करड्या रंगाचे! आवाज त्यांनी कचेरीतलाच ठेवला.

"बाई, इकडून घ्या ना. इकडे माल चांगला आहे."

"अहो काका, चांगल्याचं काय तपासायचं?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता. ते उठले, सदरा घातला आणि बाहेर आले.

"अहो, झालं इतक्यात?" बायकोने विचारले.

"पद्धतच चुकीची आहे यांची. यंत्र म्हणेल तिथंच टोचणार म्हणे!"

बायकोने त्यांच्या सदऱ्याची चुकलेली बटणे नीट लावली.

चौकशीअंती एक वयस्कर डॉक्टर सापडले. यंत्र त्यांच्याकडेही होते (वर स्वच्छ कापड घातलेले). ते बरगड्या चाचपून सुई घालत आणि पेशंटचे मन मोडत नसत. साहेबांनी स्वतः बोट ठेवून जागा दाखवली. आठवड्याने अहवाल आला: नमुना निर्दोष. बायको देवापुढे बसून रडली. साहेबांनी अहवाल लॅमिनेट करून घेतला.

सहाव्या महिन्यात साहेब गेले.

अहवाल आजही निर्दोष आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या तेलाचाही निर्दोषच आहे. खाली सही साहेबांची आहे. निवांत जेवा.