उतरायचं तेवढं राहिलं

नंदकुमार आचरेकरांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. त्यांना सायकलवरून उतरता येत नाही, हे मात्र त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. शहाऐंशी सालच्या डिसेंबरात एका रविवारी या दोन गोष्टींची गाठ पडली आणि माणिकच्या लग्नाची पार वाट लागायची वेळ आली.

झालं असं. माणिक ही आचरेकरांची एकुलती एक लेक. शाळेत शिकवायची, वय सव्वीस. चारकोपच्या परुळेकरांचा विद्याधर तिला पाहून गेला, त्याला ती आवडली, तिला तो आवडला, पत्रिकाही आडवी आली नाही. राहिली होती ती फक्त बैठक. ती पुढच्या रविवारची ठरवून मुलाचे वडील श्यामसुंदर परुळेकर चपला घालत होते. (इथवर सगळं झकास होतं. चपला घालून माणूस सरळ जाईल तर ना.) एक चप्पल घालून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, सायकल चालवता का म्हणून.

"हो तर," आचरेकर म्हणाले.

परुळेकरांचा चेहरा उजळला. ते स्वतः सायकलवेडे. त्यांचा धाकटा भाऊ पाणीखात्यात होता आणि त्याच्याकडून त्यांनी तुळशी तलावाकडच्या रस्त्यावर जायची चिठ्ठी मिळवली होती. बोरीवलीच्या नॅशनल पार्कातून आत शिरायचं, दुतर्फा जंगल, पुढे तलाव. एक मोटार नाही, एक हातगाडी नाही, चिटपाखरू नाही, नुसता रस्ता. बैठकीच्या आधी, म्हणजे त्याच रविवारी सकाळी, दोघांनी जाऊन येऊ या, असं म्हणून त्यांनी दुसरी चप्पल घातली.

दार लागल्यावर सुनंदाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या मुंबईत मुंबईसारखं बोलत, पण राग आला की थेट मालवणला पोचत.

"तुमका सायकलीवरून उतराक तरी येता काय?"

आता आचरेकर खोटं बोलले होते असं कुणी म्हणू नये. सायकल त्यांना उत्तम येत होती. फक्त चढणं आणि उतरणं येत नव्हतं. गावी मामाच्या चोवीस इंची सायकलवर ते शिकले. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभं राहून सायकलवर बसायचं आणि थांबायचं झालं की वाडीतल्या पोफळीला मिठी मारायची, अशी ती विद्या. मुळात उंची बेताची, पाय जमिनीला टेकत नसत. वेग कमी झाला की ते भरल्या पोत्यासारखे आडवे होत. मुंबईत गडग्याच्या जागी रेशन दुकानाची पायरी आली आणि पोफळीच्या जागी विजेचा खांब, बसस्टॉप, केळीवाल्याची गाडी. मुंबईत धरायला काही ना काही सापडतंच. परुळेकर ज्या रस्त्याचं एवढं कौतुक करत होते, त्यावर नेमकं तेच नव्हतं.

आणि हे प्रकरण पहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माणिकसाठी दादरचं एक स्थळ बघायला गेले असताना तिथल्या मंडळींनी पेटी वाजवता का विचारलं होतं, तेव्हाही आचरेकर 'हो तर' म्हणाले होते. त्या लोकांनी पलंगाखालून पेटीच काढून पुढ्यात ठेवली. आचरेकरांनी भाता मारला, एक सूर लागला, तो काही केल्या थांबेना. ते स्थळ गेलं. पेटीमुळेच गेलं, अशी आचरेकरांची खात्री होती. त्या रात्री माणिक नुसती ताटातल्या भाताकडे बघत बसली होती. ते तोंड आचरेकर विसरले नव्हते.

आठवडाभर त्यांची झोप उडाली. परुळेकरांना कळवून टाका, असं सुनंदाबाईंनी रोज सांगितलं. ताप आला म्हणावं, असंही एकदा मनात आलं. पण बैठकीच्या दिवशी मुलीचा बाप तापाने फणफणलाय हा शकुन कुणाला आवडेल? माणिक एकदाच म्हणाली, "बाबा, खरं सांगून टाका ना. ते काही वाघ नाहीत." वाघ नव्हते, मुलाचे वडील होते. आचरेकरांना वाघ परवडला असता.

रविवारी भल्या सकाळी ते भाड्याची सायकल हाताने ढकलत पार्काच्या फाटकाशी गेले, पहारेकऱ्याच्या चौकीच्या पायरीवरून सायकलवर चढले आणि परुळेकर येईपर्यंत तिथल्या तिथे घिरट्या घालत राहिले. परुळेकर आले ते बघून खूषच झाले. माणसाला इतका उत्साह हवा, म्हणाले. त्यांनी चिठ्ठी दाखवली, फाटक उघडलं आणि आचरेकर सगळ्यांत आधी आत शिरले. (न शिरून करतात काय.)

काय तो रस्ता होता. थंडी, पानांतून येणारं कोवळं ऊन, कुठेतरी तांबट पक्षी टुकटुक करतोय. परुळेकर मागून एकेक झाड दाखवत होते. आचरेकरही झाडंच बघत होते, पण मिठीच्या दृष्टीने. सगळी झाडं चराच्या पलीकडे. अगदी रस्त्याला लागून, हात पोचेल असं एकच झाड आलं आणि ते निघालं काटेसावरीचं, बुंध्यावर बोटाएवढे काटे. आचरेकरांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि देवाचं नाव घेतलं. आत बिबळ्या आहे असं ऐकलं होतं. तो आला तर निदान थांबवेल तरी, असाही एक विचार येऊन गेला.

वाटेत परुळेकर दोनदा म्हणाले, जरा थांबू या. आचरेकर दोनदा म्हणाले, पुढे बघू. तलाव दिसला, तसा परुळेकरांनी ब्रेक दाबला, ऐटीत टांग टाकून उतरले आणि एका सपाट दगडावर डबा उघडून बसले. त्यांच्या पत्नीने पोहे दिले होते, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. रस्ता तिथे एका टेकाडाला वळसा घालून पुन्हा त्याच दगडाशी येत होता.

"या, आचरेकर, पोहे घ्या."

"तुम्ही सुरू करा. मी एक फेरी मारून येतो."

पहिल्या फेरीनंतर परुळेकरांनी बशी पुढे केली. आचरेकर मान डोलावून निघून गेले. दुसऱ्या फेरीला परुळेकर दमाचं कौतुक करत होते. तिसऱ्या फेरीला ते चष्मा वर सारून नुसते बघत राहिले. पोहे गार होत चालले होते. आचरेकरांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, घशाला कोरड पडली होती आणि डोळ्यांपुढे एकसारखी माणिक येत होती, ताटातल्या भाताकडे बघणारी. आता पडलो तर परुळेकर म्हणणार, हा माणूस खोटारडा. लेकीचं हेही स्थळ आपल्याच तोंडाने घालवलं. टेकाडामागे, कुणी बघत नसताना, त्यांना चक्क रडू आलं.

चौथ्या फेरीला दगड दिसला तेव्हा पाय थरथरत होते आणि सायकल दारुड्यासारखी चालली होती. मग आचरेकर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले, तेही ओरडून.

"परुळेकर, मला उतरता येत नाही!"

परुळेकर बशी हातात तशीच धरून उठले, रस्त्याच्या मधोमध येऊन पाय रोवून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"या," म्हणाले.

आचरेकर गेले. पोफळीला मारायचे तशी त्यांनी परुळेकरांना गच्च मिठी मारली. फरक इतकाच की पोफळ पडत नाही. सायकल चरात गेली, दोघं रस्त्यावर गेले आणि पोहे दोघांवर गेले. परुळेकरांच्या चष्म्याची एक काच फुटली आणि दुसरी सापडलीच नाही.

मग आचरेकरांनी बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. मामाची सायकल, गडगा, पोफळ, अगदी दादरची पेटीसुद्धा. म्हणाले, चूक माझी आहे, पोरीवर राग धरू नका, ती फार गुणी आहे.

परुळेकरांनी मिशीतलं खोबरं काढलं.

"पेटीचं मला माहीत आहे. माणिकने विद्याधरला पहिल्याच भेटीत सांगितलं. आमच्या घरी आठवडाभर त्यावर हसत होते. सायकलचं तेवढं तिने सांगितलं नाही."

"मग तरीही तुम्ही..."

"अहो, आम्ही मुलाकडचे. मुलीचा बाप कशालाच 'नाही' म्हणत नाही, हे ऐकल्यावर मी दुसरी स्थळं बघायचीच बंद केली." ते उठून कपडे झटकू लागले. "लग्न कांदिवलीच्या हॉलमध्ये करू. तुम्हाला लांब पडेल जरा. चालेल ना?"

"हो तर," आचरेकर म्हणाले.

परत येताना दोघं चालतच आले. आचरेकर दोन्ही सायकली ढकलत होते, कारण परुळेकरांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि ते आचरेकरांचा खांदा धरून चालले होते. संध्याकाळची बैठक अर्ध्या तासात उरकली. सुनंदाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यांना हळद लावली आणि एक अक्षरही मालवणी बोलल्या नाहीत.

लग्न वैशाखात झालं, कांदिवलीच्याच हॉलमध्ये. माणिक सुरेख दिसत होती. आचरेकर सकाळपासून डोळे पुसत होते आणि कुणी काही मागितलं की हो म्हणत होते. गुरुजींनी पुकारा केला, आता व्याहीभेट. दोन्हीकडच्या वडिलांनी पुढे यावं, एकमेकांना आलिंगन द्यावं. आचरेकर गहिवरून, हात पसरून निघाले. समोर परुळेकरांनी आधी चष्मा काढून बायकोकडे दिला, मग मांडवाचा खांब एका हाताने घट्ट धरला आणि म्हणाले, "हं, या आता."