आपोआप झालेल्या बदलाचा जाहीर सत्कार

आपल्याकडे कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही. ती कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली होते. (पाऊस अपवाद. पण धरण भरले की त्याचेही जलपूजन होतेच.)

शिरोलीजवळच्या एका संशोधन संस्थेत तीन वर्षे उष्णताप्रिय जिवाणू वाढवणाऱ्या स्नेहलला हा नियम ठाऊक नव्हता. उसाच्या चिपाडांच्या वाफाळत्या ढिगातून आणलेले हे जीव पासष्ट अंशांवर सुखाने नांदत आणि सत्तरीला मरत. एके सकाळी शंभर नळ्यांपैकी एकीतले जिवाणू पंचाहत्तर अंशांवर जिवंत सापडले. स्नेहल आनंदाने रडली. तिची पीएचडी आता त्या एका नळीत होती. अहवालात तिने लिहिले, 'जनुकीय बदल आपोआप झाला.'

अध्यक्ष हंबीररावांनी अहवाल परत पाठवला.

"मॅडम, आपोआप काय बी होत न्हाय. कुणाचं तरी नाव घाला की."

"सर, खरंच कुणी काही केलं नाही."

"मग माझं घाला."

यात तर्कदोष नव्हता. काहीही न करणाऱ्यांत तेच सर्वांत ज्येष्ठ होते.

चौकात फ्लेक्स लागला: 'हंबीररावांच्या कुशल नेतृत्वाखाली जिवाणूंत क्रांतिकारी बदल'. सत्कार संस्थेतच ठरला. फेटे सत्तावीस, शाली एकोणचाळीस, नळी एक. (फेट्याचे माप न जुळल्याने तिला हार.) नळी उबेच्या पेटीतच हवी, गार पडली की जिवाणू मेले, असे स्नेहलने सर्वांना बजावले. सर्वांनी माना डोलावल्या. थोडे जिवाणू दुसऱ्या नळीत काढून ठेवण्याचा तिचा अर्ज मात्र सत्कारानंतरच्या बैठकीत होता.

बदलत्या काळात टिकून कसे राहावे, यावर हंबीरराव अडीच तास बोलले. आवाज खणखणीत होता, कारण स्पीकरला प्लग मिळाला होता. तो पेटीचा होता.

स्वागतगीतासाठी उभी केलेली स्नेहल भाषण संपल्यावर परतली, तेव्हा पेटी गार होती. नळी मुठीत धरून ती तिथेच फरशीवर बसली. तीन वर्षांत तिला एवढे एकटे कधी वाटले नव्हते.

चौकशी समिती बसली (जेवणासह). पेटीचा प्लग कोणी काढला? साक्षीदार अकरा, उत्तर एक: "आपोआप निघाला जी." समितीने ते एकमताने स्वीकारले.

फ्लेक्स अजून चौकात आहे. खाली शुभेच्छुकांचे एकशे चाळीस फोटो आहेत. तिसऱ्या ओळीत उजवीकडून दुसरे आपणच. आपण फोटो दिला नव्हता म्हणता? मग आपोआप आला असेल.