एका विडीला किती बुडबुडे

उमरोळी ते बोईसर या पट्ट्यात माझ्यासारखा गुप्तहेर नाही. इतका गुप्त, की पोलिसांनाही अजून माझा पत्ता लागलेला नाही. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, त्यामुळे माझ्याकडची सगळी नवीकोरी आहेत.

गोमा ताडी काढतो. त्याच्या पोरीचं, दीपाचं, सरावलीच्या भावेशशी जमत होतं. मुलाची आई येसूबाई हिनं पहाटेची गोड ताडी चाखली, की सोयरीक पक्की. पण दोनदा ताडी पोचली ती आंबट. "तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी पोर बघू," येसूबाई म्हणाली. दीपानं जेवण सोडलं.

"एकनाथबाबा, झाडावर गोड हाय," गोमा मला म्हणाला. "तिकडं जाईस्तो आंबते. कोण करतं?"

ताडी दोन्ही वेळा मीच मोटारसायकलवरून पोचवली होती. म्हणजे वाटेवर संशय घ्यायला जागाच नव्हती.

माझी सून भाविका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, "आंबणं ही रासायनिक क्रिया आहे, बाबा. ठरावीक वेळात बदल किती, तो तिचा वेग. मोजून बघा."

घड्याळ बंद होतं. मी विडी पेटवून फेसातले बुडबुडे मोजले. झाडाखाली एका विडीला बारा. मग थोडी ताडी नमुना म्हणून सरावलीला नेली. तिथं वारा होता, विडी भुर्रकन संपली. एका विडीला तीन. म्हणजे वाटेत ताडी गोड होत होती! संशय येसूबाईच्या जिभेवर गेला.

"काही पदार्थ स्वतः बदलत नाहीत, पण क्रिया भरभर घडवतात," भाविका म्हणाली. "आणि उष्णता..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. स्वतः जागेवरून न हलता गावभर आग लावणारा उमरोळीत एकच, बळवंत. मी त्याची उलटतपासणी केली. त्यानं चहा पाजला. संशय आणखी वाढला.

तिसऱ्या खेपेला राखणीसाठी गोमाची बायको बायडी मागं बसली. गाव सुटायच्या आतच ती किंचाळली, "बाबा, पाय भाजला! डबा कशाला बांधलाय?"

"सायलेन्सरला. तिथं हलत नाय."

"अहो, तुमी ताडी पोचवता का शिजवता?"

तिनं डबा सोडला, ओलं फडकं गुंडाळलं आणि रिक्षा धरली. मी रिकामी गाडी घेऊन मागोमाग सरावलीला पोचलो. गोमा आधीच तिथं येऊन बसला होता.

येसूबाईनं पेला संपवून दुसरा मागितला. गोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रकरण सोडवल्याचं मी जाहीर केलं.

येसूबाईनं मला नीट न्याहाळलं. "लग्नात कांदा मुरवायला आंबट ताडी लागंल," ती गोमाला म्हणाली, "तेवढी मात्र यांच्याच गाडीवरून पाठवा."