साहेब नोझलसकट गेले

तपासनीस साहेबांच्या गाडीत नोझल अडकवून आठ मिनिटं झाली होती आणि अजून दोन मिनिटं कुणी कशालाही हात लावायचा नव्हता. नियमच तसा होता. टाकी भरली की नोझल तसंच टाकीच्या तोंडात राहू द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग साहेबांनी आपल्या पेटीतलं वाफ मोजायचं यंत्र काढून तिथे धरायचं. यंत्राचा काटा जागचा हलला नाही तर पास, हलला तर नापास.

कारखान्याच्या मागच्या आवारात, चाचणीसाठी उभारलेल्या पंपाशेजारी वाफारे श्वास रोखून उभा होता. वाफारे हे त्याचं आडनाव नव्हे. पेट्रोलची वाफ पकडण्याच्या नादात हा माणूस इतका बुडाला होता की कारखान्याने त्याचं नवीन बारसंच करून टाकलं होतं, आणि आता त्याच्या पगाराच्या पाकिटावरही चुकून तेच छापून यायचं. पेट्रोल टाकीत शिरलं की आधीपासून आत कोंडलेली वाफ बाहेर पडते. पंपावर नाकात जातो तो वास तिचाच. ती हवेत जाऊ न देता पकडायची आणि परत पंपाच्या पोटात पाठवायची, एवढंच या नोझलचं काम. त्यासाठी तोंडाशी चुण्यांची रबरी कॉलर, जी टाकीच्या तोंडावर गच्च बसणार, आणि एका पाइपच्या पोटात दुसरा पाइप. ऐकायला अगदी सोपं वाटतं. वाफारेची त्यात तीन वर्षं आणि डोक्यावरचे बरेचसे केस गेले होते.

ही तिसरी तपासणी होती. पहिल्या खेपेला कॉलरची स्प्रिंग इतकी कडक निघाली की नोझल बसवायला साहेबांना गुडघा लावावा लागला. दुसऱ्या खेपेला काटा केसभर हलला. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि कागदावर 'हलला' असं लिहिलं. आता तिसऱ्यांदा नापास म्हणजे नोझलच्या मान्यतेचा अर्जच रद्द. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "या वेळी झालं नाही तर आपण परत बागेच्या पाण्याचे पाइप करायचे. त्यांना वास येत नाही आणि साहेबही येत नाहीत."

नववं मिनिट लागलं आणि साहेबांचा फोन वाजला. पंपाजवळ फोनवर बोलायचं नाही हाही नियम, आणि साहेब म्हणजे नियमाचा पुतळा, म्हणून ते तडक फाटकापर्यंत चालत गेले. तिथून त्यांचे शब्द तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होते.

"विसरलो कसा? मुळीच विसरलो नाही... हो, तुझ्या आई स्टँडवर उभ्या आहेत... अर्धा तास? उन्हात?... अगं, निघालोच होतो!"

फोन खिशात टाकून साहेब जे धावत आले ते थेट गाडीच्या दाराशी. दार उजवीकडे, टाकीचं तोंड डाव्या अंगाला, मागे. "आलोच तासाभरात!" असं ओरडून त्यांनी गाडी चालू केली आणि भुर्रकन फाटकाबाहेर काढली. पाइप ताणला गेला, 'टक्' असा बारीक आवाज झाला, आणि गाडी नोझलसकट गेली.

"साहेब! अहो साहेब!" वाफारे हात हलवत धावला. साहेबांनीही काचेतून हात हलवून निरोप घेतला.

मालकीणबाई जागीच खिळल्या. वाफारे मात्र पाइपचं सुटलेलं टोक हातात घेऊन निरखू लागला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला. विसरभोळं गिऱ्हाईक नोझल न काढताच निघून गेलं तर पंप उखडू नये, पाइप मध्येच सुटावा आणि दोन्ही टोकं आपोआप बंद व्हावीत, यासाठी त्याने एक खास जोड बनवला होता.

"बाई, सुटला! जिथे सुटायला हवा तिथेच सुटला! थेंबभरसुद्धा सांडलं नाही, बघा!"

"वाफारे, आपल्याकडे तसली नोझलं किती आहेत?"

"एकच."

"आणि ते आता कुठे आहे?"

वाफारेच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फोन काढला, पण मालकीणबाईंनी तो वरच्या वर हिसकावला. "काय सांगणार? साहेब, तुम्ही नोझल घेऊन पळालात? अहो, हा माणूस गेली वीस वर्षं लोकांना सांगत फिरतोय, नोझल जागेवर ठेवल्याशिवाय गाडी हलवू नका. त्याची अब्रू काढली तर तो जन्मात सही करणार नाही. गुपचूप काढून आणायचं. परत आले की नोझल पुन्हा लावायचं, दहा मिनिटं पुन्हा मोजायची. बसा स्कूटरवर."

मालकीणबाईंची स्कूटर आणि मालकीणबाई, दोघींनाही ब्रेक फारसे मानवत नसत. वाफारे मागे डोळे मिटून बसला. पुढे रस्त्यात साहेबांची करडी गाडी दिसत होती, कुशीतून हातभर पाइप लोंबत होता. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्याने साहेबांना खूण करून काहीतरी सांगितलं. साहेबांनी मान हलवून दार उघडलं, पुन्हा जोरात लावलं, आणि आभार मानून निघून गेले.

गल्लीबोळांतून वाट काढत दोघं स्टँडवर पोचली तेव्हा गाडी रिकामी उभी होती. वाटेत साहेबांनी बायकोलाही घेतलं असावं, कारण दोघं आत सासूबाईंना शोधत होते. वाफारे गाडीकडे झेपावला. हिसका बसून नोझल सहज निघू नये म्हणून त्यानेच अशी खुबी केली होती की आधी आत दाबायचं, मग डावीकडे फिरवायचं. त्याने दाबलं. इतक्यात मालकीणबाईंनी खोकल्याची उबळ आणली. साहेब दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत होते, आणि पाठोपाठ सासूबाई बोलत येत होत्या. त्या बोलण्यात एवढा दम होता की साहेबांना मान वर करून कुठे पाहायची सोयच नव्हती. वाफारे एका बसच्या मागे लपला, बसवाल्याने ती चालू केली, आणि त्याचा शर्ट धुराने काळा झाला.

"आता त्यांच्या घरी," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, सांगून टाकू या ना सरळ."

"सांगू या. सही झाल्यावर."

साहेबांचं घर एका शांत रस्त्यावर होतं. गाडी अंगणात, फाटक उघडं, आतून भांड्यांचा आवाज. मालकीणबाई पहाऱ्याला उभ्या राहिल्या आणि वाफारे पोटाशी गाडी धरून उकिडवा बसला. दाबून फिरवायला दोन्ही हातांनी कव घालावी लागे. शर्ट काळा, हातात पाइपचं टोक, तोंड टाकीला लागलेलं. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाला काय वाटलं असतं?

सासूबाईंना तेच वाटलं. त्या गाडीत विसरलेली छत्री न्यायला आल्या होत्या, आणि छत्री त्यांना लगेच उपयोगी पडली.

"चोर! अगं धाव, चोर! नळी घालून पेट्रोल ओढतोय मेला!"

"आजी, आजी, मारू नका," मालकीणबाई मध्ये पडल्या. "आम्ही पेट्रोल नाही काढत, नळी काढतोय!"

"मग तर आणखीच वाईट! माझ्या जावयाच्या गाडीची नळी काढता?"

"ती गाडीची नाही हो!"

"गाडीला लागलेली आहे ना? मग गाडीचीच. मला काय कळत नाही? पक्की बसवलेली आहे चांगली!"

"पक्की बसलीय ना?" पाठीत छत्री खाताखाता वाफारेने विचारलं. तीन वर्षांत त्याच्या कॉलरचं कौतुक कुणी केलं नव्हतं हो.

आरडाओरडा ऐकून साहेब आणि त्यांची बायको बाहेर आले. साहेबांनी आधी वाफारेला पाहिलं, मग मालकीणबाईंना, आणि शेवटी स्वतःच्या गाडीला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलला.

"हे... हे इथे कुणी आणलं?"

मालकीणबाईंनी वाफारेला कोपर मारलं. आमचीच चूक, एवढं म्हणायचं होतं. पण वाफारेचा जीव कुठेतरी त्या 'टक्' आवाजातच अडकला होता. खोटं बोललं तर त्या जोडाचं काय? इतकं छान काम केलं होतं त्याने, ते कुणाला कळणारच नव्हतं.

"तुम्ही आणलंत, साहेब," तो म्हणाला. "कारखान्यातून. पाइप तोडून. थेंबसुद्धा सांडला नाही."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. बागेचे पाइप त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागले. सासूबाईंनी छत्री खाली केली.

साहेबांची बायको पुढे झाली. "थांबा. म्हणजे यामुळेच की काय? अहो, चार वर्षं झाली, या गाडीत बसलं की मला पेट्रोलच्या वासाने मळमळतं. नाकाला रुमाल लावल्याशिवाय मी बसतच नाही. आज स्टँडवर जाऊन आले, रुमाल पर्समधून काढलासुद्धा नाही."

"नाकावर माझा विश्वास नाही," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काट्यावर आहे."

गाडीतून पेटी आली. साहेबांनी यंत्र काढून कॉलरपाशी धरलं. सगळे वाकून पाहू लागले. काटा शून्यावर होता, ढिम्म. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, कॉलरच्या भोवतीने यंत्र हळूहळू फिरवलं. काटा शून्यावरच.

"नियमात दहा मिनिटं आहेत," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "इथे एक तास वीस मिनिटं झाली."

वाफारे लगबगीने पुढे सरला. "जास्त झाली तर चालत नाही का?"

साहेबांनी खिशातून नियमांची वही काढली, बोट ठेवून वाचलं. "'किमान दहा.' चालतं."

मग वाफारेने नोझल दाबलं, फिरवलं आणि अलगद सोडवलं. साहेबांनी गाडीचं स्वतःचं झाकण घट्ट लावलं, आणि केवळ खात्रीसाठी म्हणून पुन्हा यंत्र धरलं. काटा थेट शेवटच्या टोकावर जाऊन आपटला.

"बघा!" बायको कडाडली. "आणि मला म्हणतात, वास तुझ्या मनात आहे!"

"झाकणाचं रबर गेलंय," वाफारे हळूच म्हणाला. "मी बदलून देईन, साहेब. उद्याच."

साहेबांनी यंत्र पेटीत ठेवलं. अंगणातल्या पायरीवर बसून त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. काट्यापुढे 'हलला नाही' असं लिहिलं. ते शब्द उमटले आणि मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांचं पेन शेवटच्या पानावर जाऊन थांबलं. वाफारेने वाकून वाचलं: 'नोझल न काढता गाडी निघून गेल्यास पाइपची स्थिती. चाचणीच्या वेळी चालकास पूर्वकल्पना नसावी.'

"हा रकाना मला आजवर कुणाचाच नीट भरता आला नव्हता," साहेब म्हणाले. "चालकाला सांगितल्याशिवाय तो असं करत नाही, आणि सांगितलं की पूर्वकल्पना होते." त्यांनी गाडीकडे एक नजर टाकली. "आज मात्र चालकाला खरंच कल्पना नव्हती."

त्यांनी लिहिलं, 'पाइप योग्य जागी सुटला. गळती शून्य.' पुढे चालकाचं नाव विचारलं होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खाकरले, आणि स्वतःचं नाव घातलं. वाफारेने डोळे मिटून घेतले, आणि त्याला खरोखरच रडू आलं. तीन वर्षं हो, तीन वर्षं! मालकीणबाईंनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली, नेमकी छत्री लागली होती तिथेच.

शेवटची ओळ उरली होती. 'चालकाचा निष्काळजीपणा: किरकोळ, मध्यम, गंभीर. यांपैकी एकावर खूण करावी.' साहेबांनी पेन 'किरकोळ'वर नेलं.

"अर्धा तास," मागून सासूबाई म्हणाल्या. "भर उन्हात."

साहेबांनी पेन उचललं, 'मध्यम'ही ओलांडून पुढे नेलं, 'गंभीर'वर ठसठशीत खूण केली, आणि खाली सही ठोकली.