कोंबडीला अडकलेला बुधवार

शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या पोटात घाला. मी आठवीतून शाळा सोडली आहे आणि मला साधेच शब्द येतात. मागच्या महिन्यात आमच्या घरी मंगळवार नऊ दिवस लांबला, कारण आमच्या कोंबडीला बुधवार अडकला होता.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. इथे प्रत्येक घरात एक वाराची कोंबडी असते. बाकीच्या कोंबड्या खायची अंडी घालतात, ही दिवस घालते. सकाळी तिने अंडं घातलं की त्या घरात वार बदलतो. मग अंड्यावर पेन्सिलने वाराचं नाव लिहायचं आणि ते भिंतीतल्या देवळीत ठेवायचं. त्या घरात जो राहतो, मग तो भाडेकरू का असेना, त्याला त्या घरचाच वार लागू होतो. कुणाकडे एखादा दिवस मागेपुढे होतो, गाव सांभाळून घेतं.

कोंबडी मेली तर मात्र घर त्याच वारावर राहतं. आमच्या शेजारच्या दौलूमामांची कोंबडी त्यांच्या वडिलांच्या वेळी एका रविवारी मुंगसाने नेली. तेव्हापासून त्यांच्याकडे रविवारच आहे. त्यांच्या घरातलं कुणी शाळेत गेलं नाही. मामा उशिरा उठतात आणि दिवसभर बनियनवर बसतात.

आमच्या कोंबडीचं नाव ठिपकी. ती पिल्लू होती तेव्हा तिला घारीने उचलली होती आणि माझ्या अंगावर टाकली होती. मी तिला शर्टाच्या खिशात वाढवलं. नंतर तिने पहिलंच अंडं घातलं ते गुरुवारचं होतं, तेव्हा आईने जुन्या, थकलेल्या कोंबडीच्या जागी तिला वाराची कोंबडी ठरवलं.

आता वृषाली मॅडमबद्दल लिहावं लागेल. त्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होत्या आणि आठ महिने आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर जाताना मी त्यांची बर्फाची पेटी सायकलला बांधून नेत असे. त्या पुढे चालायच्या आणि मी मागून. आठ महिन्यांत मी त्यांच्याशी जे बोललो ते बहुतेक जनावरांबद्दल होतं. एकदा त्यांनी विचारलं होतं, "परशराम, तुम्हाला काय आवडतं?" मी म्हणालो, "म्हैस." मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं.

त्यांची बदली नंदुरबारला झाली. आदेशात लिहिलं होतं, बुधवारी दुपारनंतर कार्यमुक्त.

आमच्याकडे एक नियम पाळतात. वाराच्या कोंबडीसमोर पुढच्या वाराचं बोलायचं नाही. ज्याला जे सांगायचं ते खुराड्यापासून लांब जाऊन सांगायचं. सोमवारी संध्याकाळी मी खुराडं लावत होतो. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि समोर ठिपकीच होती. मी म्हणालो, "बुधवारी मॅडम जाणार." तिने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

मंगळवारचं अंडं तिने नेहमीसारखं घातलं. त्यानंतरच्या सकाळी काही घातलं नाही. पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून ती कोपऱ्यात उभी होती. आईने तिला उचलून चाचपलं.

"अंडं हाय की पोटात. दगडागत लागतंय."

"मग?"

"मग काय, मंगळवारच आज. मला उपासाचं बघाय पायजे."

आईने माझं लग्न जमावं म्हणून एकवीस मंगळवार धरले होते. बारा झाले होते. ती वरीचे तांदूळ निवडायला बसली.

मॅडमनी दवाखान्यातून फोन लावला. मी बरोबर होतो, पलीकडच्या वरच्या साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता. "मॅडम, तुमचा बुधवार आल्याशिवाय मला सोडता येत नाही. मंगळवारी सोडलं तर तो आदेशाचा भंग होईल."

"आणि बुधवार आलाच नाही तर?"

"तसा रकाना नाही," साहेब म्हणाले.

मॅडमनी बॅग भरून दारात ठेवली होती. ती त्यांनी तशीच ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

रोज दुपारी घरामागच्या परड्यात आमचा एकच कार्यक्रम असे. मी पाणी कोमट करून घमेल्यात ओतायचो आणि ठिपकीला पोटापर्यंत पाण्यात धरायचो. मॅडम बोटाला खोबरेल लावून तिच्या मागच्या बाजूला हळूहळू चोळायच्या. मग चोचीत कॅल्शियमचं औषध, मग डालग्याखाली अंधार करून ठेवायचं. मॅडम म्हणाल्या की अंडं आत फुटलं तर ती वाचणार नाही.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "विचित्र आहे. अंडं अगदी तोंडाशी येतंय आणि परत आत जातंय. ही ते धरून ठेवतेय, परशराम."

मी पाण्याकडे बघत होतो. त्यात त्यांचे हात होते.

खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडले. सकाळी मॅडमच्या चपला दारात दिसायच्या. त्यांनी त्यांचा स्टोव्ह बांधून टाकला होता, म्हणून त्या आमच्यातच जेवायच्या. आईचं वरीचं बघून त्याही उपास करू लागल्या. एकदा त्यांनी मला कोंबडीच्या छातीचे ठोके कसे मोजायचे ते दाखवलं आणि माझी बोटं धरून बरोबर जागी ठेवली. मी त्या हाताने संध्याकाळपर्यंत काही काम केलं नाही.

गावात बाहेर शुक्रवार झाला, रविवार झाला. दौलूमामा कुंपणापाशी आले.

"काय परशा, कसं काय वाटतंय एकाच वारावर?"

"बरं वाटतंय मामा."

"सुरवातीला वाटतंय बरं," मामा म्हणाले. "माझी ताई त्या रविवारी म्हायेराला आली हुती. अजून परत गेली न्हाई. दाल्ला मेला तिचा तिकडं, सोमवारी. हिला कळवायला कुणाला येता आलं न्हाई. रोज दारात बसून म्हणती, उद्या जाईन." बनियन खाली ओढून ते म्हणाले, "तुझ्याकडं तरी मंगळवारात काम करत्यात लोकं. माझ्याकडं आंघोळीलाच दुपार हुती."

आठव्या दिवशी ठिपकीचा तुरा पांढरट पडला. तिने कण्या खाल्ल्या नाहीत. मी तिला मांडीवर घेऊन बसलो. ती मेली असती तर आमच्याकडे कायमचा मंगळवार राहिला असता. मॅडमची बॅग दारातच राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला, तो मी लपवत नाही. तो दिवसभर माझ्या मनात होता. ठिपकी मात्र पाय पोटाशी घेऊन माझ्या शर्टाचा खिसा चोचीने हुडकत होती, लहानपणी करायची तशी. आता तिचं डोकंसुद्धा त्यात मावत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी घमेल्यात पाणी ओतलं. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आज शेवटचा प्रयत्न," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत ती राहणार नाही."

मी ठिपकीला पाण्यात धरलं. मॅडम समोर बसल्या होत्या, आमच्यामध्ये घमेल्याएवढंच अंतर. मला कोंबडीशी बोलायचं होतं आणि मॅडमना उठा म्हणता येत नव्हतं, कारण त्यांचं बोट खोबरेलात होतं. मग मी तसाच बोललो.

"ठिपके, मी तुला बुधवारचं सांगितलं ते चुकलं. मॅडम जाणार म्हणून मला राहवलं नाही. त्या गेल्यावर मला ह्या परड्यात यायला नको वाटेल. हे मला त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून तुला सांगितलं. तू माझ्यासाठी धरून ठेवलंस. आता सोड. त्यांना जाऊ दे. तू मरू नको."

मॅडमचा हात थांबला. आतून आईच्या उलथन्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

मॅडम म्हणाल्या, "पाणी गार झालंय. तांब्याभर गरम घाला."

मी घातलं. ठिपकीने एकदा अंग आवळलं, माझ्या मनगटाला चोच मारली आणि बुधवार घमेल्यात आला. कवच खडबडीत होतं, एका बाजूला दबलेलं, पण अखंड. दुपारी सव्वाबारा वाजता आमच्या घरी वार बदलला.

आई दारात आली. "आलं?"

"आलं."

"आगं बाई! मग माझा एकविसावा मंगळवार अर्धाच झाला की. निम्मा ऱ्हायला."

पावणेचारची गाडी होती. जायच्या आधी मॅडमनी ठिपकीचा केसपेपर पुरा केला. मी तो अजून जपून ठेवला आहे. रुग्ण : ठिपकी. वय : तीन वर्षे. तक्रार : अंडे अडकणे. 'कारण' या शब्दापुढे पेन टेकवून त्या थांबल्या आणि मग लिहिलं, घरगुती. खाली लिहिलं, पुन्हा तपासणी : मंगळवार.

मी विचारलं, "मॅडम, कुठला मंगळवार?"

"तुमच्या घरचा."

"नंदुरबार लांब आहे."

"रजा टाकीन," त्या म्हणाल्या. मग बॅग उचलून म्हणाल्या, "तुम्ही म्हैस म्हणाला होतात."

"हो."

"मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं."

मी बॅग फाट्यापर्यंत नेली. ह्या वेळी त्या माझ्या मागे राहिल्या नाहीत आणि पुढेही गेल्या नाहीत. गाडी आली. बाहेरच्या जगात गुरुवार होता. कंडक्टरने त्यांचा आदेश वाचला, बुधवार बघितला आणि त्यांना खिडकीजवळ जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुराडं उघडलं आणि ठिपकीच्या समोर उकिडवा बसलो. नियम मला माहीत होता. मी म्हणालो, "मंगळवारी मॅडम येणार."

तिने मान वाकडी करून बघितलं. मग लगेच बसून तिने गुरुवार घातला, आणि न उठता पुन्हा अंग आवळायला लागली. तिला शुक्रवारही आत्ताच घालायचा होता. मी तिला दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढलं.

"रोज एकच," मी म्हणालो. "मी थांबतो."

तिला कुटलेले शिंपले खायला घातले. मग अंडं पुसून त्यावर गुरुवार लिहिलं आणि देवळीत बुधवारच्या शेजारी ठेवलं.